दंड दहा हजार, वकिलाची फी पंधरा : पैसे वसूल झाले का?

रिव्ह्यू वकिलाचा आहे, पण नाव देणार नाही. मॅडमनीच तसं बजावलंय. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमानं मनाई आहे. तुम्ही कौतुक लिहाल आणि कुणीतरी म्हणेल मीच लिहून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात फौजदारी आणि मोटार व्हेइकलच्या केसेस चालवणाऱ्या एक वकीलबाई, वय पंचेचाळिशीच्या आसपास, एवढ्यावर भागवा.

केस माझ्या भाच्याची, दारू पिऊन स्कूटर चालवल्याची. गटारीच्या रात्री नळ स्टॉपच्या अलीकडे नाकाबंदीत स्कूटरसकट सापडला. धडक नाही, कुणाला खरचटलं नाही, पोलिसांशी हुज्जतही घातली नाही. फुंकायला लावलं, मशीननं 74 दाखवलं. कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. स्कूटर जमा, लायसन्स जप्त, रात्री सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं आणि कोर्टात हजर राहण्याची नोटीस हातात.

मी माळकरी माणूस. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य गेलं, आणि ड्युटीवर प्यालेला ड्रायव्हर दिसला की माझ्या तोंडून काय निघायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे भाच्याची बाजू घ्यायला हा रिव्ह्यू नाही. पण बहिणीनं फोन करून "दादा, तूच बघ आता" म्हटल्यावर मामाला सुटका नसते. कागदपत्रं, ऑफिसं, साहेब लोक, यात मला गती आहे असा आमच्या घरात समज आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न, जो मला बहिणीपासून शेजारच्या जोश्यांपर्यंत सगळ्यांनी विचारला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड 10 हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वकिलाची फी 15 हजार. दंडापेक्षा वकील महाग, मग वकील हवाच कशाला? सरळ जाऊन दंड भरावा की.

हाच प्रश्न कोर्टाच्या गेटबाहेरच्या एका गृहस्थालाही पडलेला होता, फक्त त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "काका, ड्रंक अँड ड्राइव्हच ना? सहा हजारात मिटवतो. पोराला कोर्टात यायचीसुद्धा गरज नाही. पुढच्या लोकअदालतीत टाकून देतो." कपाळाला गंध, काखेत फाईल, वकिलाचा कोट मात्र नाही. मी त्याला विचारलं, लोकअदालतीत कसं टाकणार? तर म्हणाला, आपली ओळख आहे. हे लक्षात ठेवा : सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, असले चलनाचे प्रकार तडजोडीनं मिटतात. 185 मिटत नाही. कायद्यानं तो तडजोडीचा गुन्हाच नाही, त्यामुळे जागेवर पैसे भरून सुटका नाही आणि लोकअदालतीलाही त्यात हात घालता येत नाही. कोर्टासमोर उभं राहावंच लागतं. गंधवाल्याचे सहा हजार कुठे जाणार होते याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

मॅडमचं ऑफिस कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, चालत नाही. आत तीन खुर्च्या, चौथा माणूस आला की ज्युनिअर उठून उभा राहतो. भाचा, त्याचा एक मित्र आणि मी गेलो होतो. भाच्यानं बसल्या बसल्या सुरुवात केली, "मॅडम, दोनच बिअर झाल्या होत्या."

"सगळ्यांच्या दोनच असतात," मॅडम म्हणाल्या. "स्लिप आणलीय?"

मशीनमधून निघालेली ती चिठ्ठी भाच्यानं पाकिटातून काढली. चार घड्या घातलेली, एका कडेला पाकिटाचा रंग लागलेला. मॅडमनी ती हातात घेतली, वाचली नाही, आधी ज्युनिअरला दिली. "पहिली झेरॉक्स काढून आण. दोन. हा थर्मल कागद आहे, पाकिटात राहिला तर काही दिवसांत कोरा होतो." एसटीच्या मशीनच्या तिकिटांची हीच गत होते, खिशात राहिलं की आकडे उडतात, हे मला ठाऊक होतं, पण पोलिसांच्या चिठ्ठीचा कागद तोच असेल हे डोक्यात आलं नव्हतं. फीचे पहिले पैसे माझ्या मते इथेच वसूल झाले.

मग झेरॉक्स समोर ठेवून त्यांनी पेन्सिलीनं एकेका ओळीवर टिक करायला सुरुवात केली. मशीनचा नंबर. तारीख. वेळ. फुंकायच्या आधी मशीन शून्य दाखवत होतं का? फुंकणाऱ्याचं नाव बरोबर आहे का? लायसन्सवर आणि चिठ्ठीवर स्पेलिंग एकच आहे का? सही कुणाची? थांबवणारा गणवेशात होता का? दुसऱ्या कागदावर तीन रकाने आखले : थांबवलं किती वाजता, चिठ्ठी किती वाजता, रक्त किती वाजता. 11.40, 11.52, 1.10. रक्ताबद्दल तर असे प्रश्न, की भाच्याला घाम फुटला. सुई टोचण्याआधी हातावर काय लावलं? स्पिरिटचा वास आला होता का? कारण स्पिरिट म्हणजेही अल्कोहोल, या तपासणीसाठी रक्त घेताना ते वापरायचं नसतं. बाटली तुझ्यासमोर सील केली का? लेबलवर काय लिहिलं ते पाहिलंस का? भाच्याला यातलं निम्मं आठवत नव्हतं. "न आठवणं स्वाभाविक आहे," मॅडम म्हणाल्या, "74 आहे ना."

हे सगळं आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळ्याच स्वरूपात आलेलं असतं. मीही यादी करूनच गेलो होतो. दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर केस फुस्स? नाही. कलम 202 मध्ये दोन तास आहेत, पण तपासणी झाली नाही तर अटकेतल्या माणसाला कोठडीतून सोडायचं, एवढंच त्यात आहे. खटला चालूच राहतो. फुंकायला नकारच दिला तर? तर संशयावरून वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, पोलीस ठाण्यात रक्त मागितलं जातं, आणि विनाकारण दिलेला नकार कलम 205 नुसार आरोपीच्याच विरुद्ध धरता येतो. वास येत होता, झोकांड्या जात होत्या, एवढ्यावरून माणूस प्यालेला होता हे सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये म्हटलंय ते? "म्हटलंय, आणि मी ते वापरतेही. पण जिथे मशीनची चिठ्ठी नाही आणि रक्ताचा रिपोर्ट नाही तिथे. तुमच्याकडे दोन्ही आहेत." बडीशेप, पान, पुदिन्याची गोळी? यावर त्यांनी उत्तरच दिलं नाही.

"पण सलमान सुटला की," मित्र म्हणाला. सलमान खानची 2002 ची वांद्र्याची गाडीची केस. सेशन्स कोर्टानं मे 2015 मध्ये पाच वर्षं दिली आणि हायकोर्टानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्दोष सोडलं, कारण सरकार पक्षाचा पुरावा, त्यात रक्ताच्या नमुन्याचा प्रवाससुद्धा, कोर्टाला भरवशाचा वाटला नाही. मॅडमनी हे सगळं सांगितलं आणि भाच्याकडे पाहून विचारलं, "तेरा वर्षं आहेत तुझ्याकडे?"

याच मित्रानं नंतर खालच्या आवाजात जे विचारलं ते मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. रक्ताच्या रिपोर्टचं काही करता येईल का. मॅडमनी फाईल मिटली. आवाज चढला नाही. "कल्याणीनगरचं पोर्शे अपघाताचं प्रकरण याच शहरातलं आहे. मे 2024. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टर आत गेले, गाडी चालवणाऱ्या मुलाचे आईवडील आत गेले. हा प्रश्न पुन्हा माझ्या ऑफिसात विचारला तर वकालतनामा परत घेऊन जायचा." मित्राला मी खाली चहाला पाठवला. आमच्या डेपोत असे दोन साहेब पाहिलेत, प्रश्न ऐकून फाईल मिटणारे. बाकीच्यांनी चहा मागवला असता.

सीए रिपोर्ट, म्हणजे रक्ताच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, येईपर्यंत काही ठरवायचं नाही असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. रिपोर्ट आला, रक्तात 55. भाचा खूश, 74 चे 55 झाले, म्हणजे मशीन चुकीचं! मॅडमनी कॅलक्युलेटरसुद्धा घेतला नाही. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाळतं. चिठ्ठी आणि रक्त यांत सव्वा तासाचं अंतर. 74 मधून वीसेक गेले की 55 च्या जवळ येतं. म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत, एकमेकांना टेकू देतायत. इथे लढायची जागा संपली, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मला यातच त्यांची खरी किंमत दिसली. लढवायची ठरवली असती तर तारखा लागल्या असत्या आणि प्रत्येक तारखेला फी निघाली असती. त्याऐवजी त्यांनी एका कागदावर दोन बाजू लिहून दिल्या. लढलात तर पोलीस, पंच, डॉक्टर यांच्या साक्षी, काही वर्षं, आणि या पुराव्यावर सुटायची आशा फार थोडी. गुन्हा कबूल केलात तर लवकर मोकळे, पण तुमच्या नावावर शिक्षा नोंदली जाते, आणि ती पुढे विचारली जाते. भाच्याची कंपनी त्याला अमेरिकेला पाठवायच्या विचारात आहे. तिथल्या व्हिसाच्या फॉर्मवर अटक किंवा शिक्षा झाली आहे का, असा थेट प्रश्न असतो. "तिथे हो लिहायचं आणि कोर्टाच्या निकालाची प्रत जोडायची. दहा हजारांचा दंड झाल्यानं व्हिसा अडेल की नाही ते ते ठरवतील, पण खोटं लिहून सापडलास तर पक्का अडेल." हे गेटवरच्या गंधवाल्यानं सांगितलं असतं का?

आणि आणखी एक प्रयत्न त्यांनी स्वतःहून सुचवला. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट, 1958. पहिलाच गुन्हा आणि कमाल शिक्षा दोन वर्षांच्या आत असेल तर कोर्ट ताकीद देऊन सोडू शकतं, आणि तसं सोडलं तर शिक्षेमुळे चिकटणारी अपात्रता लागत नाही. 185 त्या मापात बसतं. "पण दारू पिऊन गाडी चालवण्याच्या केसमध्ये कोर्टं हे सहसा देत नाहीत. अर्ज करू, मिळेल असं मी म्हणणार नाही." अर्जाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

कोर्टाच्या दिवसाबद्दल सांगायचं तर बोर्डावर आमचा नंबर बराच खाली होता आणि सकाळ बाकावर गेली. आमच्यासारखेच बरेच, बहुतेक तिशीच्या आतले, इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. वकील नसलेलाही एक होता. त्यानं मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर बायकोशी कसं भांडण झालं इथपासून सांगायला घेतलं आणि शिपायानं त्याला मागे ओढलं. पुकारा झाल्यावर भाचा उभा राहिला. साहेबांनी आरोप मराठीत वाचून दाखवला, समजलं का विचारलं, कबूल आहे का विचारलं. भाचा "कबूल आहे, पण साहेब..." एवढं म्हणाला आणि मॅडमनी त्याच्या कोपराला बोट लावलं. "पण" तिथेच थांबला. प्रोबेशनचा अर्ज साहेबांनी वाचला, मॅडमचं म्हणणं ऐकलं, फेटाळला. दंड 10 हजार, न भरल्यास साधी कैद. मॅडमनी आदल्या दिवशीच रोख रक्कम मोजून आणायला सांगितली होती, त्यामुळे धावपळ झाली नाही. पावती घेतली. निकालाच्या सहीशिक्क्याच्या प्रतीसाठी अर्ज तिथल्या तिथे टाकला.

बहुतेकांना इथे प्रकरण संपलं असं वाटतं. मला वाटलं नाही, कारण लायसन्सचं काय होतं ते मी नोकरीभर बघत आलोय. पोलीस जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडे पाठवतात, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्ट आहे की पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. पण आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटिशीचं उत्तर मॅडमनी दीड पानात लिहून दिलं, त्यात रडगाणं नाही : आधीचा एकही गुन्हा नाही, दंड भरला, पावती जोडली. सुनावणीला भाच्याला स्वतः पाठवलं, "आरटीओत वकील बघून कुणी खूश होत नाही" म्हणाल्या. तीन महिने झालेच. पण त्या तीन महिन्यांत गाडीला हात लावलास तर तो वेगळा गुन्हा, कलम 182, परत 10 हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पीएमपीएमएल बसचा पास मी काढून दिला. मामाची भेट.

दुसऱ्यांदा सापडला तर दंड 15 हजार किंवा कैद दोन वर्षांपर्यंत किंवा दोन्ही, हेही सांगून टाकतो. आणि हे सगळं धडक झाली नसताना. माणूस गेला असता तर 185 हा त्या कागदावरचा सगळ्यात हलका शब्द ठरला असता. मुंबईत 2006 मध्ये कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले, त्या केसमध्ये सदोष मनुष्यवधाखाली झालेली तीन वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये कायम केली. गाडीच्या विम्याचंही तसंच. चालवणारा प्यालेला होता हे परिस्थितीवरून दिसत असेल तर ब्रेथ टेस्ट किंवा रक्ताचा रिपोर्ट नसतानाही कंपनी क्लेम नाकारू शकते, असं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलंय. म्हणजे कोर्टात सुटलात म्हणून गॅरेजचं बिल सुटेलच असं नाही.

आता तक्रारी. फी 15 हजार सांगितली, पण त्यात काय काय येतं ते आधी कागदावर दिलं नाही. वकालतनाम्याचं तिकीट, वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट, झेरॉक्स, टायपिंग, सहीशिक्क्याच्या प्रती, हे सगळं नंतर ज्युनिअरच्या वहीतून निघालं. रक्कम फार नाही, हजाराच्या आतच, पण मी तिकिटाचे पैसे आधी घेणाऱ्या खात्यातला माणूस. प्रवास संपल्यावर मागितलेले पैसे मला खुपतात. दुसरं, फोन. अकरा ते पाच फोन लागत नाही आणि संध्याकाळी ज्युनिअर उचलतो. पोरगा नम्र आहे, पण प्रत्येक गोष्टीला "मॅडमना विचारून सांगतो", आणि सांगायला त्याला दोन दिवस लागतात. कोर्टाच्या आदल्या संध्याकाळी भाच्याच्या आईचं बीपी वाढायला तेवढं पुरलं. तिसरं, ती लिफ्ट.

जोश्यांना मी उत्तर दिलं ते असं. दंड कमी करून हवा असेल तर वकील करू नका. पहिल्या गुन्ह्याचा दंड कायद्यात 10 हजार असा नेमकाच लिहिलाय, तो वकिलाच्या तोंडाकडे बघून घटत नाही. साधी केस असेल, आकडा मर्यादेच्या बराच वर असेल, धडक नसेल, नोकरीत परदेशाचा विषय नसेल, तर स्वतः उभं राहून कबूल केलं तरी निकाल बहुधा तोच लागेल. पण आकडा तीस-पस्तीसच्या घोळात असेल, चिठ्ठीवर नाव किंवा वेळ चुकलेली असेल, रक्तच घेतलं नसेल, किंवा पुढे व्हिसा, सरकारी नोकरी, ड्रायव्हिंगवरच पोट असेल, तर कबूल म्हणायच्या आधी कुणीतरी जाणत्यानं तो कागद बघायला हवा. रिक्षावाल्याला तीन महिने लायसन्स नसणं म्हणजे काय ते आयटीवाल्याला कळणार नाही. ज्याला फी परवडत नाही त्यानं कोर्टातल्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. उत्पन्न कमी असेल तर वकील मोफत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्नाची अटही नाही. गेटवरचा गंधवाला हे सांगत नाही.

पाचपैकी चार स्टार. पाचवा वहीतल्या झेरॉक्ससाठी आणि फोनसाठी राखून ठेवलाय. मॅडमना भेटायला जाणार असाल तर संध्याकाळी सहानंतर जा, चिठ्ठीची झेरॉक्स आधीच काढा, लायसन्स आणि आरसीची प्रत ठेवा, थांबवल्याची आणि रक्त घेतल्याची वेळ आठवते तोवर लिहून घ्या. आणि मित्राला घरी ठेवा.